सावलीत वाळवायची तंबाखू

६ नोव्हेंबर

धाकट्या भावोजींना,

आपण खुशाल असाल असं मी धरून चालले आहे, कारण कळवायची तसदी आपण घेतलेली नाही. आपला पत्ता शाईवाल्याकडून मिळाला. तो माल पोचवायला आपल्या त्या मोठ्या छापखान्यात येतो म्हणे, आपण तिथे बांधणी खात्यात दिसता म्हणे, आणि बारीक झालात म्हणे. घरच्या माणसाची तब्येत परक्याच्या तोंडून ऐकायची वेळ आली. असो.

रागावले की मी तुम्हाला अहो-जाहो करते, हे आपल्या लक्षात आलंच असेल.

कामापुरतं लिहिते. पाइपची तंबाखू कशी वाळवायची ते कळवावं.

झालं असं, की गेल्या आठवड्यात आपले दादा जेवता जेवता म्हणाले, "तंबाखू ओली आहे. तो असता तर वाळवून दिली असती." मी म्हटलं, तो म्हणजे कोण? तर पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि रिकामा झाला तरी खाली ठेवेनात. आपण उन्हाळ्यात निघून गेलात तेव्हापासून या घरात आपला विषय निघालेला नाही, आणि निघाला तो तंबाखूवरून. म्हटलं, त्यात काय एवढं, मी वाळवते.

धुरानं मला खोकला येतो म्हणून तुमचा तो सगळा कारभार मागच्या खोलीत आणि अंगणात, दार लावून चालायचा. इतकी वर्षं या घरात काढली, पण डब्यातली तंबाखू पाइपमध्ये जाईपर्यंत तिचं काय काय होतं ते मी कधी पाहिलं नाही. डबा उघडला तर आत नीट रचलेल्या पट्ट्या. पुठ्ठ्याच्या कातरणांसारख्या, तपकिरी, ओलसर, एकीला एक चिकटलेल्या. मी त्या तव्यावर घातल्या. मंद आच, वर झाकण. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात असा वास सुटला की कुणी मनुका आणि गवताची गंजी एकदम पेटवून दिली असावी. पट्ट्यांचा काळा भुगा झाला. तो बशीत घालून खाली दुकानात नेला. आपल्या दादांनी चिमटीत धरला, हुंगला, आणि म्हणाले, करपली, असं करत नसतात, नीट विचार कुणाला तरी.

कुणाला तरी! ही विद्या येणारा माणूस या घरात एकच होता, आणि त्याला यांनी भर दुकानात, ग्रंथालयाच्या साहेबांसमोर सुनावलं, की याला वाळेपर्यंत दम धरवत नाही. हे मला मागाहून शेजारून कळलं, मी त्या दिवशी बाजारात गेले होते. परत आले तर ग्रंथालयाचा तो नकाशांचा भला मोठा ग्रंथ टेबलावर पडलेला, पानं फुगून वेडीवाकडी झालेली, तुझा कोट खुंटीवर नाही, आणि तुझे दादा खिडकीकडे तोंड करून उभे. शिकंज्यात दाबायला घातलेलं पुस्तक खळ ओली असतानाच बाहेर काढलं की त्याचं काय होतं ते मलाही कळतं, बाइंडरची बायको आहे मी. काढलं कुणी, ते तूही बोलला नाहीस आणि हेही बोलले नाहीत. पण तुला दम नाही असं म्हणणं म्हणजे माशाला पोहता येत नाही म्हणण्यासारखं आहे.

बघ, लिहिता लिहिता तू-वर आले. मी या घरात आले तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते. फार वेळ अहो-जाहो जमत नाही.

बाकी इकडे सगळं ठीक आहे. यांना खोकला होता, डॉक्टरांकडे जाऊन आले, विशेष काही नाही म्हणाले. दुकान चालू आहे. फक्त ती तंबाखू.

तुझी वहिनी


१९ नोव्हेंबर

अरे शहाण्या,

पत्र मिळालं. पत्र म्हणावं की औषधाच्या बाटलीवरची सूचना, ते ठरत नाही. 'पट्ट्या सुट्या कराव्यात. टीपकागदावर ठेवाव्यात. वर दुसरा टीपकागद घालावा. रात्रभर ठेवावे.' खाली सही. वर वहिनी नाही, शेवटी कसे आहात नाही. मी तुझे केस विंचरून तुला शाळेत धाडलं आहे, आणि तू मला 'घालावा' आणि 'ठेवावे' लिहितोस.

तरी तू सांगितल्याबरहुकूम केलं. पट्ट्या सुट्या केल्या, खाली टीपकागद, वर टीपकागद. आता तूच सांग, या घरात दोन टीपकागदांच्या मध्ये घातलेली वस्तू पुढे कुठे जाते? शिकंज्यात जाते. लग्न होऊन आल्यापासून मी दुसरं काही पाहिलेलं नाही. शिकंज्यात घालू नये असं तुझ्या सूचनेत कुठेच नव्हतं. मी घातली, आणि चाक फिरवून चांगली आवळली. मनात म्हटलं, आता बघू कशी ओली राहते ते.

सकाळी उघडलं तर वीट. सुरी घालायला गेले तर सुरी आत जाईना. वर तंबाखूचा रस टीपकागदातून पाझरून शिकंज्याच्या फळीला लागलेला. मी तो डाग पुसत होते तेवढ्यात हे आले. बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, जी मुळात दाबूनच आलेली आहे, तिला परत दाबायची?" आणि हसायला लागले. अरे, इतके हसले की खाली स्टुलावर बसावं लागलं आणि चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तू गेल्यापासून हे हसलेले मी पाहिले नव्हते. मलाही हसू आवरेना. मग आपण हसतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण चष्मा घातला आणि तोंड परत होतं तसं करून टाकलं.

जाता जाता म्हणाले, परत विचार, नीट सविस्तर विचार, एवढ्याशा चिठ्ठीनं काय होतं?

मी चमकले. चिठ्ठी आली हे यांना कुठून कळलं? पोस्टमनला मी जिन्यातच गाठते. मी परत डाग पुसायला घेतला आणि ते निघून गेले. ताकाला जाऊन भांडं लपवणं या घरात सगळ्यांनाच चांगलं जमतं.

तर आता सविस्तर लिही. आणि जेवतोस कुठे? शाईवाला परत म्हणाला, बारीक झाला आहेस. त्याला शाई सोडून दुसरं काही दिसत नाही, तरी त्याला हे दिसलं.

तुझी वहिनी


३ डिसेंबर

धाकट्या,

दोन पानं! तीही दोन्ही बाजूंनी! पाकीट जाड लागलं तेव्हा वाटलं, चुकून दुसऱ्याचं आलं. आतली सगळी तंबाखूच आहे म्हणा, पण 'वहिनीस' एवढं वर लिहिलं आहेस. चला, काही पदरात पडलं.

आता ऐक, सगळं तू लिहिलंस तसं केलं. मागच्या खोलीच्या खिडकीच्या फळीवर, जिथे दिवसभर उजेड असतो पण ऊन येत नाही, तिथे टीपकागद पसरला. पट्टी एकेक घेतली, मधे दुमडली आणि दोन तळहातांत धरून चोळली. हलक्या हातानं, कपडे धुतल्यासारखं नाही, हे वाक्य तू मुद्दाम माझ्यासाठी घातलंस ते मला कळलं. पट्टी आधी दोरे सुटल्यासारखी सुटते आणि मग एकदम तिचे सगळे धागे मोकळे होतात. थोड्या पट्ट्या जाडसर ठेवल्या, पाइपच्या तळाशी घालायला. बारीक वरती, पेटवायला. पंखा लावला नाही, उन्हात नेली नाही, तव्याचं तर नाव काढलं नाही. पातळ पसरली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. मध्येमध्ये बोटांनी खालवर करायची, बस. तोवर मी पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घडीची पानं, शिवत होते. हल्ली शिवायचं थोडं काम मी बघते, मला आवडतं म्हणून.

आणि तुला सांगते, मला फार बरं वाटलं. हाताला गोडसर वास लागला होता, जुन्या लाकडी खणासारखा. धूर झाला की मला ठसका लागतो, पण धुराआधीची ही तंबाखू इतकी चांगली असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तू इतकी वर्षं दुपारी त्या फळीशी उभा राहून हे करायचास आणि मी समजायचे, कामचुकारपणा करतोय.

चिमटीत धरून दाबायची आणि सोडायची, असं तू लिहिलंस. गोळा तसाच राहिला तर ओली. करकरली तर गेली कामातून. दाबून सोडल्यावर झोपेतून उठल्यासारखी हळूहळू उलगडली तर झाली. संध्याकाळी दाबली. आधी काहीच झालं नाही. मग एक धागा हलला, मग दुसरा, आणि सगळी सावकाश मोकळी झाली. मी एकटीच खोलीत होते, तरी 'झाली' असं मोठ्यानं म्हणाले.

डबीत भरून खाली नेली. यांनी चिमटीत दाबली, सोडली, परत दाबली. म्हणाले, किंचित ओली वाटते.

माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली! ती ओली नाही. एक चिमूट या पाकिटात घातली आहे, तूच बघ आणि न्याय कर. एक मात्र खरं, तू गेल्यावर ओली तंबाखू सारखी विझायची म्हणून यांना काडेपेट्या पुरायच्या नाहीत, आता काडेपेटी संपतच नाही. शर्टांनाही पूर्वीसारखा वास येत नाही. ही तुझ्या पद्धतीची करामत. पण कबूल कोण करणार?

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीचं. 'ओली ओढून ओढून दादाची जीभ अजून भाजते का?' ती ओळ मी बऱ्याच वेळा वाचली. मग दुकानात गेले आणि हे खळ ढवळत असताना, सहज वाचल्यासारखी, मोठ्यानं वाचली. यांचा हात थांबला. मला वाटलं, आता म्हणतील, कुणाचं पत्र, कुणाला विचारून लिहिलंस. तसं काही म्हणाले नाहीत. खळीकडे बघतच म्हणाले, "भाजते म्हणून कळव. थोडी."

म्हणून कळवते आहे.

तुझी वहिनी


१२ डिसेंबर

धाकट्या,

डब्यात बटाट्याची चकती ठेवली तर बुरशी येते, हे आधी लिहायला काय झालं होतं? यांनी या वेळी सांगितलं, फार सुकली, करकरते. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, चकती ठेवा, ओल धरेल. ओल धरली, आणि दाढीही आली. तू आता सफरचंदाची फोड काही तासच ठेवून काढायची म्हणतोस. बैल गेला आणि झोपा केला.

पण ते राहू दे. फोड ठेवावी आणि फोड काढावी, या दोन वाक्यांच्या मध्ये तू जी ओळ दडपून घातली आहेस ती माझ्या नजरेतून सुटेल असं वाटलं का तुला? 'इथे महिनाअखेर कायम करणार आहेत, राहायला खोलीही देतील, सही करायची आहे.'

आज याला उत्तर देत नाही. आज मला नीट लिहिता येणार नाही.

वहिनी


१८ डिसेंबर

धाकट्या,

'अभिनंदन' असं लिहून पत्र सुरू केलं होतं. कायम नोकरी, डोक्यावर छप्पर, वेळेवर सुट्टी, आणि अंगावर ओरडणारा दादा नाही. कुठलीही शहाणी वहिनी म्हणेल, कर बाबा सही. ते पत्र फाडलं. खोटं लिहायचं तर सुरुवातीपासून नीट लिहायला हवं होतं, आणि मी आधीच पुरेसं खोटं लिहून बसले आहे.

दुकान चालू आहे असं मी लिहिलं, ते अर्धं खरं. यांचा उजवा हात थरथरतो. आधी मला वाटलं थंडीनं, पण थंडी नव्हती तेव्हाही थरथरत होता. पुठ्ठा कापता येतो, पट्टीच्या आधारानं. सुईत दोरा जात नाही. म्हणून शिवते मी. आवडतं म्हणून लिहिलं तेही अर्धं खरंच, आवडायला लागलं आहे. पण मोठी पुस्तकं आम्हा दोघांच्यानं होत नाहीत. एकानं धरायचं आणि एकानं ओढायचं असं जिथे असतं, तिथे आम्ही अडतो, आणि हे म्हणतात, ठेव बाजूला. बाजूला ठेवलेली पुस्तकं आता टेबलावर मावत नाहीत. कधी कधी आम्ही दुकानाच्या फळ्या लावून वर निघून येतो, दिवसाउजेडी. गिऱ्हाइकांना वाटतं, बाइंडर गावाला गेले.

यांनी मला बजावलं आहे की हाताचं त्याला कळता कामा नये. दया म्हणून यायचा असेल तर नको, म्हणतात. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. मी आज त्यांची आज्ञा मोडली. करतील काय, मला हाकलतील? मग शिवेल कोण?

तुझ्या कायम होण्याचं मी यांना जेवायच्या आधी सांगितलं. चूक झाली, नंतर सांगायला हवं होतं. पानावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. भाकरीचा तुकडा मोडून नुसता हातात धरून बसले. शेवटी म्हणाले, आजची तंबाखू ओली आहे, लिही त्याला.

तेव्हा मात्र माझा तोल सुटला. मी म्हटलं, "तंबाखू गेली खड्ड्यात. माणूस चालला आहे हातातून आणि तुम्हाला तंबाखू सुचते?"

ते म्हणाले, "तेच लिही. ओली आहे म्हणून लिही."

मी ताट उचलून आत गेले. असल्या माणसापुढे डोकं आपटून आपलंच फुटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतला कोट घालून कुठेतरी गेले. कुठे ते सांगितलं नाही. दुपारी हातगाडीवाल्याबरोबर एक जड बोचकं घेऊन आले, ते दुकानाच्या टोकाला ठेवलं आणि वर चादर टाकली. नवं काम असेल. असलेलं उरकत नाही आणि नवं आणून ठेवतात.

मी तुला 'दादासाठी ये' असं लिहिणार नाही, ते त्यांनी लिहावं. मी माझ्यापुरतं लिहिते. मला तू इथे हवा आहेस. जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरल्याचा आवाज ऐकायची मला सवय आहे आणि ती सुटत नाही. जेवताना मी अजून तुझ्या अंदाजानं कणीक मळते आणि मग सकाळी ती शिळी आम्ही दोघं खातो. एवढंच. कशावर सही करायची ते तुझं तू ठरव.

तुझी वहिनी


२७ डिसेंबर

माझ्या धाकट्या,

तुझं उत्तर आलं. एवढं सगळं लिहिलं, आणि उत्तरात तीन शब्द. 'दादा काय म्हणतो?'

काल दिवसभर मी ते तीन शब्द घेऊन फिरत होते. काय कळवणार? ओली आहे म्हणतो, हे? मग म्हटलं, निदान आणखी एक डबा वाळवू, त्या निमित्तानं काही बोलतील. खिडकीवरचा टीपकागद वापरून काळा झाला होता. नवा घ्यायला दुकानात गेले. हे बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते. टीपकागदाचा गठ्ठा सगळ्यात वरच्या फळीवर असतो, तिथे माझा हात पोचत नाही, म्हणून स्टुलावर चढले. आणि गठ्ठ्याच्या मागे ती मोठी काचेची बरणी दिसली, जिच्यात आपण पूर्वी खळ ठेवायचो.

बरणी भरलेली होती. तंबाखूनं.

मी ती खाली उतरवून उजेडात धरली. अगदी तळाला काळा भुगा. तव्यावरचा. तो मी कुठेही ओळखेन. त्याच्यावर बरणीच्या मापानं गोल कापलेला टीपकागद, कडेला जरा वाकडा, हात हलल्यासारखा. त्याच्यावर विटेचे तुकडे. पुन्हा गोल कागद. मग माझी ती पहिली चांगली, 'झाली' म्हणाले होते ती. मग पुढची, मग त्याच्या पुढची. बुरशीवाली तेवढी एका पुडीत बांधून बाजूला ठेवलेली, तीही टाकलेली नाही. सगळ्यात वर परवाची. तुझ्या-माझ्या एकेका पत्राचा एकेक थर, काही म्हणता काही ओढलेलं नाही. पाइप खणात होता, आतून बाहेरून स्वच्छ केलेला, फडक्यात गुंडाळून.

गिऱ्हाईक जाईपर्यंत मी बरणी मांडीवर घेऊन स्टुलावर बसून होते. हे आत आले, बघितलं, आणि दाराशीच थांबले.

मग सगळं बाहेर आलं, अगदी थोडक्यात, कारण तुझ्या दादाकडून जास्त निघत नाही. डॉक्टर विशेष काही नाही असं म्हणाले नव्हते. तंबाखू आजपासून बंद, असं म्हणाले होते. आणि यांनी त्याच दिवशी बंद केली. मी तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्याही आधी. मला वाटत होतं सुटली काडेपेटीची कटकट, तुझ्या पद्धतीची करामत! खोकला गेला, शर्टांचा वास गेला, आणि मी बाई माझ्याच हुशारीवर खूश. मी म्हटलं, मग रोज दुपारी मागच्या अंगणात दार लावून काय करत होतात? म्हणाले, बसायचो. तुमच्या त्या दोन खुर्च्या तिथे अजून तशाच समोरासमोर आहेत.

मी म्हटलं, ओढायची नव्हती तर मला का राबवलंत? ओली, सुकी, करपली, करकरली, कशाला?

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सोडली असं सांगितलं असतं तर तू त्याला काय म्हणून लिहिलं असतंस? आणि त्यानं काय म्हणून उत्तर दिलं असतं?"

 मग म्हणाले, तो 'कसे आहात' असं कधी लिहिणार नाही, आणि मी 'ये' असं लिहिणार नाही, आम्ही दोघं एकाच हाडाचे. पण तंबाखू ओली आहे म्हटलं की त्याला राहवणार नाही, हे मला माहीत होतं.

आणि जीभ? मी विचारलं. जीभ भाजते म्हणून कळवायला लावलंत, ती कशानं भाजत होती?  हे थरथरता हात दुसऱ्या हातानं धरून उभे राहिले. धाकट्या, मी रडले. नंतर वीट आठवून हसले, आणि परत रडले. बरणीवर पाणी पडलं. हे म्हणाले, आता खरंच ओली केलीस.

मग मी तुझं पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं, तीन शब्दांचं. म्हटलं, याचं उत्तर मी देणार नाही, थकले तुमचं टपाल वाहून. त्यांनी बसून ते वाचलं आणि घडी घातली. मग उठून दुकानाच्या टोकाला गेले आणि त्या बोचक्यावरची चादर काढली. मला वाटलं होतं नवं काम. तुला आता कळेलच काय ते.

त्यांनी कागद मागितला. मी लिहून देते म्हटलं, तर नको म्हणाले. खाली आहे ते त्यांच्या हातचं आहे. अक्षर कसं आहे ते बघू नकोस, वेळ किती लागला तेही विचारू नकोस. शाईवाला उद्याच तिकडे निघाला आहे, म्हणून टपालात न टाकता त्याच्या हाती देते. महिना संपायच्या आत तुला मिळावं म्हणून.

तुझी वहिनी


धाकट्या,

ग्रंथ ओला होता. शिकंज्यातून मी काढला, तू नाही. ग्रंथालयाच्या साहेबांना जाऊन सांगितलं. ग्रंथ परत आणला आहे, उसवायचा आहे, एका माणसाचं काम नाही.

पाइप सोडला. जीभ भाजत नाही, ते खोटं होतं.

तरी तंबाखू वाळवायला ये.

दादा